पहाटे स्कूटीवर निघणाऱ्या बाईनं कोणतं जॅकेट घ्यावं? (नागपूर)

गारठलेली_सक्करदरा
नमस्कार मंडळी. सकाळच्या पाळीला सक्करदऱ्याहून मिहानला स्कूटीनं जाते. घरातून निघताना काही वाटत नाही, पण वर्धा रोडला लागलं की गळ्यातून आणि मनगटातून वारा शिरतो, आणि ऑफिसात पोचल्यावर बराच वेळ कीबोर्डवर बोटं चालत नाहीत. सध्या आतून थर्मल, वरून लोकरी स्वेटर आणि त्यावर स्टोल असा कारभार आहे. आता एक चांगलं जॅकेट घ्यायचं म्हणते. बजेट चार हजारांपर्यंत, अगदीच पटलं तर थोडं वर.

अडचणी दोन. माझी उंची पाच फूट आणि कमरेखाली रुंद. छातीला बसेल त्याची खाली चेन लागत नाही, खाली लागेल त्याचे खांदे लोंबतात. दुसरं म्हणजे जानेवारीच्या शेवटी सासूबाईंना घेऊन सिक्कीमला जायचंय. गंगटोक नक्की, परवानगी मिळाली तर चीन सीमेवरची नाथुला खिंड. एकाच जॅकेटात दोन्ही भागेल का? ऑनलाइन पाहिलं तर पफर, पार्का, बॉम्बर, फ्लीस, सॉफ्टशेल... डोकं चक्रावलं. ऑफिसात कुर्ती-लेगिंग असते, त्यावर बरं दिसावं एवढी माफक अपेक्षाही आहे.

बर्डीचा_पोरगा
काऊन एवढं टेन्शन घेता ताई. तिबेटी लोकांच्या मार्केटात जा, एक जाड स्वेटर घ्या, झालं. नागपुरात थंडी असते किती दिवस? संक्रांत झाली की कूलर धुवायला काढावा लागते.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, २९ डिसेंबर २०१८ ले आपल्या इथं ३.५ अंश होतं, विसरला का? दुपारी चांगलं ऊन असते म्हणून आपल्याले थंडी समजत नाही. पहाटे सहाला वर्धा रोडवर गाडी चालवून पाहा, मंग बोल.

आणि आपली घरं सारी उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेली. आमच्या खिडकीत कूलर बाराही महिने बसलेला असते, त्याच्या बाजूच्या फटीतून रात्रभर वारा येऊन राहिला. फरशीवर पाय ठेववत नाही. जॅकेट घेताच आहा तर घरात घालता येईल असंही पाहून घ्या, ताई.

डोंगर_नसलेला_ट्रेकर
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थर्मामीटरमध्ये नाही, वाऱ्यात आहे. बाहेर १० अंश असताना तुम्ही ताशी ४० किलोमीटरनं गाडी चालवली, तर कॅनडा-अमेरिकेत वापरतात त्या वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रानुसार उघड्या कातडीला साधारण ६ अंशांसारखं वाटतं. ८ अंश असतील तर ३ च्या आसपास. तोंड, गळा, मनगटं उघडी असतात म्हणून तिथंच पहिल्यांदा झोंबतं.

ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली स्थिर हवा देते. लोकरी स्वेटर घरात उत्तम, कारण विणीच्या भोकांमध्ये हवा साठून राहते. तोच स्वेटर घालून गाडीवर बसलात की वारा त्या भोकांतून ती हवा उपसून नेतो. स्वेटरावर स्टोल घेतला तरी तेच, कारण स्टोलसुद्धा विणलेलाच. तेव्हा दुसरा स्वेटर चढवून उपयोग नाही. सर्वात वरचा थर वारा न सोडणारा हवा, जाड नसला तरी चालेल.

दुकानात एक सोपी परीक्षा करा. जॅकेटचं कापड तोंडापाशी घट्ट धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि जोरात फुंकर मारा. हाताला हवा लागली तर ते जॅकेट स्कूटीच्या कामाचं नाही. साधं फ्लीस, म्हणजे मऊ लवदार पॉलिस्टरचं कापड, या परीक्षेत हमखास नापास होतं. फ्लीस वाईट नाही, पण ती आतली गोष्ट आहे.

आता नावांचा गोंधळ. पफर म्हणजे फुगीर कप्पे शिवलेलं, आत पिसं किंवा पॉलिस्टरचे धागे. पार्का म्हणजे मांडीपर्यंत लांब आणि टोपीवालं. बॉम्बर कमरेशी संपतं आणि खाली इलॅस्टिक असतं. गाडीवर वाकून बसलं की पाठ उघडी, म्हणून तुमच्यासाठी बाद. सॉफ्टशेल म्हणजे बाहेरून वारा अडवणारं, आतून पातळ फ्लीस चिकटवलेलं, थोडं ताणलं जाणारं कापड. रोजच्या स्कूटीला माझं मत सॉफ्टशेल. आत थर्मल आणि कुर्ती राहू द्या, कडाका पडला की मध्ये तुमचा स्वेटर घाला. ऑफिसात पोचल्यावर वरचं काढून खुर्चीला लावता येतं. पफर घालून एसीत बसलात तर घाम येईल, आणि ओल्या अंगानं संध्याकाळी परत निघालात तर दुप्पट गार वाटेल.

इतवारीची_सून
छान माहिती. एक विचारते. पफरमध्ये खरंच पक्ष्याची पिसं असतात का? आमच्याकडे ते चालणार नाही.

डोंगर_नसलेला_ट्रेकर
@इतवारीची_सून, ज्याला डाउन म्हणतात त्यात बदकाच्या किंवा हंसाच्या छातीखालची मऊ लव असते, बहुतेक मांसाच्या धंद्यातून आलेली. जिवंत पक्ष्याची पिसं उपटण्यावर बराच गदारोळ झाला, त्यातून २०१४ साली रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड असं प्रमाणपत्र आलं. पण तुमचा आक्षेप पिसांनाच असेल तर प्रमाणपत्रानं फरक पडत नाही. तुम्ही सरळ सिंथेटिक भरण घ्या. प्रायमालॉफ्ट नावाचं एक भरण अमेरिकन सैन्यासाठी १९८० च्या दशकात तयार झालं, तेही पिसं ओली झाली की निकामी होतात म्हणूनच. भिजलेलं डाउन गोळा होऊन बसतं, त्यातली हवा जाते आणि ऊबही. सिंथेटिक भिजल्यावरही बऱ्यापैकी काम करतं.

आपल्याकडे चार-पाच हजारांच्या आतलं बहुतेक पफर सिंथेटिकच असतं, जाहिरातीत काहीही म्हणोत. आतल्या शिवणीतली पांढरी पट्टी उलटून 'फिलिंग'पुढं काय लिहिलंय ते वाचा. पॉलिस्टर असेल तर पॉलिस्टर. शिवाय बोटांनी चिमटीत धरून पाहा, काडीसारखं टोचलं तर पिसांचे देठ आहेत.

आणि खऱ्या डाउनवर ६००, ७००, ८०० असा आकडा दिसला तर तो अंशांचा नाही. एक औंस पिसं किती घनइंच जागा व्यापतात, त्याचा तो आकडा. जास्त म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त फुगारा. पण आत पिसं भरलीत किती ग्रॅम, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ८०० चं विरळ भरलेलं जॅकेट ६०० च्या गच्च भरलेल्यापुढं हरतं. दुकानदार पहिला आकडा सांगतो, दुसरा कधीच नाही.

शिलाईवाली_काकू
ट्रेकरभाऊ कापडाचं बरोबर बोलले. पण बाईच्या जॅकेटात अर्धी भानगड मापाची असते, ते मी सांगते. नागपूरच्या महाल भागात इतकी वर्षं बायकांचेच कपडे शिवते.

सक्करदरेवाल्या ताई, तुमच्यासारखं अंग निम्म्या गिऱ्हाइकांचं असतं. रेडिमेड वाले छाती मोजून साइज ठरवतात आणि कंबरेखाली सरळ रेघ मारतात. तर माप आधी नितंबांचं घ्यायचं, कुर्ती घालून, टेप सैल ठेवून. त्या मापाला जे बसेल ते घ्यायचं आणि खांदा थोडा उतरला तर उतरू द्यायचा. खांदा एक बोट उतरला तर काही होत नाही, पण खाली चेन न लागता फिरलात तर खालून सगळी हवा आत शिरते.

यातून वाट दोन. एक, खालूनही उघडणारी चेन असलेलं जॅकेट शोधा. दोन स्लायडर असतात तिला. गाडीवर बसताना खालची चेन चार बोटं वर घ्यायची, मांड्यांना जागा होते, पोट आणि छाती बंदच राहते. दुसरी वाट, बाजूच्या शिवणीत बटणाचा काप असलेलं. तेही नसेल तर सॉफ्टशेलच्या किंवा साध्या कापडी जॅकेटच्या दोन्ही बाजूंना मी ताणणाऱ्या रिब कापडाची कळी घालून देते, हे कुठलाही जाणता शिंपी करेल. मात्र पिसांच्या जॅकेटाला कात्री लावायची नाही. कप्पा फुटला की दुकानभर पिसं उडतात आणि परत बसत नाहीत.

बाही उभं राहून पाहू नका. हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. मनगटाचं हाड उघडं पडलं तर बाही आखूड. अंगठ्यात अडकवायचं भोक असलेली आतली रिब असेल तर फार चांगलं, ग्लोव्ह त्यावरून घालायचा, मग मनगटातून वारा शिरायला जागाच राहत नाही. गळ्याला उभी कॉलर हवी, हनुवटीपर्यंत, आणि चेनच्या वरच्या टोकाला कापडाची घडी, नाहीतर गार धातू हनुवटीला टोचत राहतो. चेन वायकेके कंपनीची असली तर मी जास्त काही बघत नाही.

टोपी हेल्मेटखाली जात नाही आणि पाठीवर फुग्यासारखी उडते. काढता येणारी टोपी घ्या. खिसे मात्र बघून घ्या बाई, बायकांच्या जॅकेटाला खिसे देतात ते नुसते दाखवायला. मोबाइल ठेवून, चेन लावून, वाकून पाहा.

गारठलेली_सक्करदरा
काकू, तुम्ही कुठं होतात इतके दिवस! मी नवऱ्याचं जॅकेट घालायचा विचार करत होते, त्याला कमरेखाली जागा भरपूर आहे.

शिलाईवाली_काकू
नको. पुरुषांच्या जॅकेटाचा गळा आणि काखेचा घेर तुम्हाला मोठा होणार. गाडी चालली की गळ्यातून हवा आत येते आणि जॅकेट नुसतं फडफडतं. जॅकेट अंगाच्या जवळ हवं, पण आत स्वेटर घालून हात वर करता येईल इतकंच जवळ. आणि ताई, स्टोलची टोकं जॅकेटच्या आत खोचत जा. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

तारबाबू
मी जुना माणूस, नोकरीत सायकलवर हिंडलो. तेव्हा जॅकेटबिकेट काही नव्हतं. सकाळचं वर्तमानपत्र घडी करून स्वेटरच्या आत छातीवर ठेवायचं. वारा बिलकूल लागत नाही. ऑफिसात गेल्यावर काढायचं आणि वाचायचं. खर्च शून्य.

वऱ्हाडी_ठेचा
तारबाबू 😂 आता पेपर घरी येते कोणाच्या? मोबाइल छातीवर ठेवू काय?

डोंगर_नसलेला_ट्रेकर
हसू नका, तारबाबूंचं शास्त्र पक्कं आहे. कागद वारा सोडत नाही. सायकल शर्यतीतले लोक घाट उतरताना हेच करत. त्याच न्यायानं, जॅकेट येईपर्यंत ताईंनी स्वेटरावर पावसाळ्यातला रेनकोटचा वरचा भाग घालावा. दिसायला गबाळं, पण उद्या सकाळपासून फरक कळेल. घाम आतच राहतो, एवढीच खोट.

इतवारीची_सून
रेनकोट डिसेंबरात? सिग्नलवर सगळे वर आभाळाकडे बघतील.

बर्डीचा_पोरगा
विदर्भात थंडीत पाऊस अन् गारा काही नवीन नाही, कोणी बघणार नाही.

मिसिसागातला_नागपूरकर
धागा वाचून मजा आली. इकडून दोन पैसे. माझी बहीण पुढच्या वर्षी शिकायला इकडे येते आहे आणि आई नागपुरातून तिच्यासाठी "कॅनडाचं जॅकेट" शोधते आहे. कोणीही हे करू नका. टोरांटो परिसरात थंडीच्या लाटेत उणे २० पर्यंत जातं, विनिपेगला तर जानेवारीत रात्री उणे २० ही नेहमीची गोष्ट. त्यासाठी मांडीपर्यंत लांबीचा पार्का, तोंडाभोवती येणारी खोल टोपी आणि बर्फाच्या पाण्याला दाद न देणारं वरचं कापड लागतं. ते इकडे हंगाम संपताना सवलतीत चांगलं मिळतं आणि बदलूनही देतात. नागपुरातून आणायचं ते चांगलं थर्मल, लोकरी मोजे आणि पहिल्या आठवड्यापुरतं एक मध्यम जॅकेट.

आणि उलटंही खरं. इकडून सुटीत येताना भावजयीला भेट म्हणून पार्का आणू नका. नागपुरात तो कपाटात जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही.

जॅकेटवर "उणे १० पर्यंत" असं छापलेलं असतं त्याकडे फार लक्ष देऊ नका. स्लीपिंग बॅगेला निदान आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि त्यात आरामाचं तापमान बाईच्या अंगावरून धरतात आणि खालची मर्यादा पुरुषाच्या. जॅकेटाला असं सगळ्यांनी पाळलेलं माप नाही. चालत्या माणसाचा आकडा गाडीवर बसलेल्याला लागू होत नाही, कारण चालताना अंग स्वतः तापतं.

जिप्सीत_मागची_सीट
ताडोब्याला जाणाऱ्यांनीही हा धागा वाचावा. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटे बसणं म्हणजे स्कूटीच, फक्त हेल्मेट नाही. नऊ-दहाला मात्र ऊन असं चढतं की अंगावरचं सगळं काढावंसं वाटतं, म्हणून एका जाड जॅकेटापेक्षा तीन पातळ थर बरे.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. गुळगुळीत नायलॉनचं पफर हलताना सळसळ आवाज करतं. पाणवठ्यावर सगळे श्वास रोखून बसलेले आणि मागून चर्र चर्र. गाइड वळून बघतो. फ्लीस किंवा सॉफ्टशेल बिनआवाजाचं असतं. रंग खाकी, मेंदी, तपकिरी घ्या. ज्यांना लाल पफरच आवडतं त्यांनी ते मंगळवारी घालावं, त्या दिवशी ताडोबा बंद असतो.

वऱ्हाडी_ठेचा
पण पहाटेच्या स्कूटीवर मेंदी रंग नको हां. धुक्यात ट्रकवाल्याले दिसत नाही. पाठीवर चमकणारी पट्टी पाहिजेच. जॅकेटवर नसेल तर इस्त्रीनं चिकटवायची मिळते.

मेडिकलची_सिस्टर
मी ड्यूटीवरून वाचते आहे, थोडक्यात लिहिते. ताई, पोचल्यावर बोटं बराच वेळ चालत नाहीत म्हणता, ते फक्त वाऱ्यामुळे असेल तर ग्लोव्ह आणि जॅकेटनं थांबेल. पण घरात बसल्यावरही हातपाय गार राहत असतील, थकवा असेल, तर हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या. रक्त कमी असणं आणि थायरॉइड मंद असणं, दोन्हींत थंडी जास्त वाजते आणि दोन्ही आपल्याकडच्या बायकांमध्ये सर्रास दिसतात. बोटं आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील तर डॉक्टरांना नक्की दाखवा. जॅकेट बदलून ते जाणार नाही.

सासूबाईंचं वय आणि बीपी काय आहे? नाथुला ४,३१० मीटरवर आहे. तिथं थंडीपेक्षा विरळ हवेचा त्रास आधी होतो. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि गंगटोकला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर चढू नका.

गारठलेली_सक्करदरा
सिस्टर, धन्यवाद. थायरॉइडची गोळी चालू आहे, पण टीएसएच बरेच महिने केलं नाही. करते. सासूबाई चौसष्ट, बीपीची गोळी आहे. नाथुला त्यांच्याच हट्टापायी. "सैनिकांना भेटून येऊ" म्हणतात.

हिमालयाची_हौस
सिक्कीमचं मी सांगते. नागपूरची सकाळ आणि नाथुला, दोन्ही एका जॅकेटात बसवायला जाऊ नका. इथल्यासाठी पुरेल ते तिथं तोकडं पडेल आणि तिथलं इथं उकडेल. हजार मीटर वर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, त्यावरून अंदाज घ्या. गंगटोकला तुमचं रोजचं जॅकेट आणि आत स्वेटर पुरे. वरच्या एका दिवसासाठी त्सोम्गो तलावापाशी जाड कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. सगळे पर्यटक तेच करतात. भाड्याचा कोट आधी कोणी घातला असेल याचा विचार न करता आपल्या जॅकेटवरूनच चढवायचा, म्हणून आपलं आतलं जॅकेट फार फुगीर नको.

नाथुलाला सोमवार-मंगळवार सोडत नाहीत आणि बर्फ पडला की कुठल्याही वारी रस्ता बंद होतो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गंगटोकच्या हॉटेलात रुसून बसतील.

सासूबाई नऊवारी-पाचवारी कुठलीही साडी नेसत असतील तर तिथं दोन दिवस पँट घालायला लावाच. साडीवर कितीही भारी कोट घातला तरी खालून पाय मोकळे असतात. आमच्या सहलीत एका काकूंनी साडीखाली लोकरी लेगिंग आणि मोजे घातले होते, तो तोडगाही चालतो.

गारठलेली_सक्करदरा
पँट म्हटल्यावर घरात काय होईल ते कल्पनेनंच कळतंय. लेगिंगवर तोडपाणी करते.

बर्डीचा_पोरगा
मी तरी अजून म्हणतो, तिबेटी मार्केट. निदान आईसाठी.

हिमालयाची_हौस
आईंसाठी बरोबर आहे रे. घरात घालायला, मोठ्या चेनचा लोकरी कार्डिगन तिथं चांगला मिळतो. बहुतेक माल लुधियानाचाच असतो, पण ते लोक निवडून आणतात. यातले काही विक्रेते आपल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतून येतात. त्यांच्याशी बोलून बघ, मराठी ऐकून चकित होशील. भावात मात्र फार घासाघीस करत नाहीत.

गारठलेली_सक्करदरा
अपडेट. शनिवारी नणंदेला घेऊन फिरले. काकूंच्या सूचना मोबाइलवर उघड्या ठेवून. एका दुकानात मी खुर्चीवर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे केले तेव्हा सेल्समन दोन पावलं मागं सरकला. फुंकरीच्या परीक्षेत चार जॅकेटं नापास, त्यातलं एक "विंडप्रूफ" असं छातीवर लिहिलेलं.

शेवटी गडद निळं सॉफ्टशेल घेतलं, मांडीच्या वरपर्यंत, टोपी निघते, अंगठ्याची भोकं आहेत. बजेटच्या आत बसलं. दोन स्लायडरची चेन नाही मिळाली, तेव्हा काकूंनी सांगितली ती कळी घालायला देते आहे. पफर सासूबाईंसाठी घेतलं, सिंथेटिक, हलकं, सिक्कीमला आणि नंतर घरात दोन्हीकडे चालेल.

शिलाईवाली_काकू
शिंप्याला सांगा, कळी खिशाच्या मागून घाल, खिशाच्या शिवणीला हात लावू नको. आणि कळीचं रिब कापड वारा सोडतं, म्हणून तिच्या आतून एक पातळ टेरिकॉटचा अस्तर द्यायला लावा, तिरका कापलेला, म्हणजे ताणेल. नाहीतर पुन्हा इथं येऊन कमरेत वारा लागतो म्हणाल.

इतवारीची_सून
धुवायचं कसं? माझ्या नणंदेचं पफर एका धुलाईत गोळे-गोळे होऊन आलं.

डोंगर_नसलेला_ट्रेकर
आधी सगळ्या चेन लावा, उलटं करा, पातळ साबण थोडासा, गार पाणी, हलका फेर. कंफर्टसारखं कपडे मऊ करणारं काही टाकू नका, त्यानं वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर निकामी होतो. पिळायचं नाही. पफर आडवं पसरून सावलीत वाळवा आणि ओलं असतानाच गोळे बोटांनी मोडत राहा, मधूनमधून झटका. डाउन असेल तर आतून पूर्ण कोरडं व्हायला दोन-तीन दिवसही लागतात, नाहीतर कुबट वास धरतं. ड्रायर असेल तर कमी आचेवर, सोबत दोन-तीन टेनिस बॉल टाकून. सॉफ्टशेलला यातलं काही लागत नाही, साधं वाळतं.

थंडी संपली की पफर दाबून पिशवीत किंवा हवा काढलेल्या पॅकेटात भरू नका. आठ-नऊ महिने दबून राहिलं की फुगारा जातो. हँगरवर सैल टांगा, वरून जुनी सुती चादर.

बर्डीचा_पोरगा
माझं लेदर जॅकेट गेल्या पावसाळ्यानंतर काढलं तर पोपडे पडले. डांबर गोळ्या ठेवल्या होत्या तरी.

डोंगर_नसलेला_ट्रेकर
ते लेदर नसेल भाऊ, कापडावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, थर दिलेलं असेल. ओलसर हवेत तो थर आपोआप विरतो, आणि आपल्याकडे पावसाळा अन् आधीचा ४५ अंशांचा उन्हाळा दोन्ही त्याच्या मुळावर. घालो न घालो, काही वर्षांत जातंच. गोळ्या लोकर खाणाऱ्या कसरीसाठी असतात, पॉलिस्टर आणि पीयूला कसर लागत नाही. त्या आईच्या स्वेटरसोबत ठेव.

मेडिकलची_सिस्टर
ग्लोव्हचं कोणी नीट सांगितलंच नाही. ताई, काय घेतले?

गारठलेली_सक्करदरा
लोकरीचे आहेत जुने, ब्रेक दाबताना घसरतात.

वऱ्हाडी_ठेचा
लोकरीचे नका वापरू गाडीवर. बाइकवाल्यांच्या दुकानात तळव्याले पकड असलेले, मनगटावर पट्टा असलेले मिळते. एक साइज मोठे घ्या, आत पातळ सुती ग्लोव्ह जाते. घट्ट ग्लोव्हमध्ये बोटं जास्त गार पडते. बर्डीत लेडीज साइज भेटत नाही म्हणून माझी बायको पोरांचे मोठे घेऊन आली, तिले बरोब्बर बसले.